फटफटी, हेल्मेट आणि एक मेंदूचे डॉक्टर : सर ह्यू केर्न्स यांची गोष्ट



मी मूळचा धुळ्याचा, नोकरी जळगावात. महिन्यातून दोन-तीनदा धुळे-पारोळा-एरंडोल-पाळधी-जळगाव हा रस्ता दुचाकीवरून होतोच. कागदोपत्री तो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, पण आमच्याकडे अजून सगळे जुना सहा नंबरचा हायवेच म्हणतात. या रस्त्यावर मी जितक्या लोकांचं हेल्मेट डोक्यावर पाहिलंय, साधारण तितक्याच लोकांचं आरशाला अडकवलेलं पाहिलंय.

माझ्या मामांचंही असंच होतं. नऊ वर्षांपूर्वीचा जानेवारी. मळ्यात भरीत पार्टी झाली आणि रात्री साडेनऊच्या सुमारास मामा घरी निघाले. प्यालेले नव्हते, पित नाहीतच. पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कापसाची ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गाडी साठच्या आसपास होती. हेल्मेट होतं, चांगलं कंपनीचं होतं, पण हँडलला लटकत होतं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा कुणीतरी ते आणून आमच्या हातात दिलं. त्याला साधा ओरखडासुद्धा नव्हता.

मामा वाचले. त्यांना काय झालं ते पुढे सांगतो. त्या तीन आठवड्यांत दवाखान्याच्या बाकावर बसून मी मोबाईलवर डोक्याच्या जखमांबद्दल जे सापडेल ते वाचत होतो. तेव्हा एक नाव सारखं समोर येत होतं, डॉक्टर ह्यू केर्न्स. आज त्यांचीच ओळख करून देतो, आणि त्यांच्या निमित्ताने हेल्मेट नेमकं काम कसं करतं तेही बघू.

सुताराचा मुलगा

ह्यू केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी या बंदराच्या गावातला. वडील स्कॉटलंडहून आलेले सुतार, ह्यू एकुलता एक. शिकायला ॲडलेडला गेले, वैद्यकीय शिक्षण सुरू झालं आणि तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. विद्यार्थी असतानाच ते वैद्यकीय पथकात साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि ग्रीसजवळच्या लेम्नॉस बेटावरच्या लष्करी इस्पितळात काम केलं. परत येऊन १९१७ साली डॉक्टर झाले आणि पुन्हा युद्धावर गेले, या वेळी फ्रान्समध्ये.

युद्ध संपल्यावर ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डला आले. अभ्यासाइतकीच होडी वल्हवण्याचीही आवड होती. पुढे लंडन हॉस्पिटलमध्ये सर्जन झाले. त्या काळी मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे जवळपास शेवटचा उपाय. डोकं उघडलेला पेशंट परत घरी जाईल याची खात्री फार कमी. अमेरिकेत हार्वे कुशिंग नावाचे सर्जन मात्र अत्यंत संथ, काटेकोर पद्धतीने हे काम करून पेशंट वाचवत होते. केर्न्स १९२६ साली बोस्टनला त्यांच्याकडे गेले, वर्षभर हाताखाली काम केलं आणि ती शिस्त घेऊन इंग्लंडला परतले. ब्रिटनमध्ये मेंदूशस्त्रक्रिया ही वेगळी शाखा म्हणून ज्यांनी रुजवली, त्यांच्यात केर्न्स यांचं नाव वरच्या ओळीत आहे.

मे १९३५ : लॉरेन्सचा अपघात

आता दुसऱ्या एका माणसाकडे वळू. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे लॉरेन्स ऑफ अरेबिया. सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पहिल्या महायुद्धात अरबांच्या बाजूने वाळवंटात लढलेला हा प्रसिद्ध अधिकारी नंतर प्रसिद्धीला कंटाळून नाव बदलून हवाई दलात साधा सैनिक म्हणून राहिला. १९२७ आणि १९२८ मध्ये तो कराचीच्या तळावर होता. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती, म्हणजे आपल्या खानदेशाच्या आणि त्याच्या तळाच्या वर सरकार एकच.

लॉरेन्सला फटफटीचं वेड होतं. साधंसुधं नाही. ब्रफ सुपीरियर ही त्या काळातली अतिशय महागडी आणि वेगवान मोटारसायकल, आणि त्याच्याकडे एकामागून एक अशा सात झाल्या.

१३ मे १९३५ रोजी, इंग्लंडमधल्या डॉर्सेट भागात, तो पोस्टात जाऊन घराकडे परतत होता. घर अगदी जवळ आलेलं. रस्त्याला एक खोलगट उतार होता आणि त्या खोलगटात सायकलवरची दोन मुलं त्याला उशिरा दिसली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली, तोल गेला आणि तो पुढे फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवस तो बेशुद्ध राहिला आणि १९ मे रोजी गेला. वय ४६.

त्याला तपासायला जे तज्ज्ञ बोलावले होते, त्यांत ३८ वर्षांचे ह्यू केर्न्स होते. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. या मृत्यूने केर्न्स फार अस्वस्थ झाले आणि त्यातूनच त्यांचं पुढचं काम उभं राहिलं, असं मानलं जातं. एक मात्र नक्की. चांगल्यातला चांगला सर्जन पलंगाशेजारी उभा असला तरी मेंदूचं नुकसान रस्त्यावरच, सेकंदाच्या काही शतांशात होऊन गेलेलं असतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. हेल्मेटचा शोध केर्न्स यांनी लावला नाही. शर्यतीत हेल्मेट आधीपासून होतं. १९१४ साली आइल ऑफ मॅनच्या प्रसिद्ध शर्यतीत ते सक्तीचं झालं होतं, आणि त्यामागेही एक डॉक्टरच होते. पण हेल्मेट म्हणजे रेसवाल्यांची वस्तू, रोजच्या रस्त्यावर काय गरज, हा समज पक्का होता. केर्न्स यांनी हिशोब मांडून तो मोडला.

अंधारातले रस्ते आणि २,२७९ माणसं

१९३७ मध्ये केर्न्स ऑक्सफर्डला शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. दोन वर्षांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमध्ये रात्री सगळे दिवे बंद किंवा झाकलेले. त्या अंधारात निरोप पोचवणारे लष्कराचे मोटारसायकलस्वार धावत होते. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजमध्ये डोक्याच्या जखमांसाठी खास लष्करी इस्पितळ उभारलं गेलं, आणि तिथे लढाईतल्या जखमींबरोबर फटफटीवरून पडलेले सैनिकही येत होते.

केर्न्स यांनी आकडे गोळा केले. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले होते. शत्रूची गोळी न लागता. मृत्यूचं सर्वांत मोठं कारण डोक्याला मार. मग त्यांनी उलटा प्रश्न विचारला : हेल्मेट घातलेले असताना पडले, त्यांचं काय झालं? अशा फक्त सात केसेस त्यांच्यासमोर आल्या होत्या. सातही जण जगले.

सात हा आकडा छोटा आहे, हे त्यांनाही कळत होतं. तरी १९४१ साली त्यांनी हा निबंध ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने कामावरच्या सगळ्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. त्यानंतर केर्न्स थांबले नाहीत. हेल्मेट असलेल्यांचे अपघात गोळा करत राहिले, तुटकी हेल्मेटं तपासत राहिले, आणि १९४३ व १९४६ मध्ये पुन्हा लिहिलं. मृत्यू कमी होत गेले होते. पेट्रोलच्या टंचाईने रस्त्यावरच्या गाड्याही घटल्या होत्या हे खरं, पण हेल्मेटवाल्यांच्या जखमाच सौम्य होत्या, हे जखमी डोकीच सांगत होती.

खरवसाचा डबा

या कामात केर्न्स यांच्यासोबत हॉलबर्न नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. डॉक्टर आणि फिजिक्सवाला एकत्र बसले की काय होतं याचं हे चांगलं उदाहरण आहे.

हॉलबर्न यांनी जिलेटिनचा मेंदू बनवला आणि त्याला हिसके देऊन बघितलं. आपल्या भाषेत सांगायचं तर खरवसाचा डबा घ्या. डबा वरून दाबला तर आतल्या खरवसाला फारसं काही होत नाही. पण डबा झटक्यात गर्रकन फिरवला तर खरवस आतून फाटतो, कारण डबा फिरतो आणि आतला ऐवज मागे राहतो. मेंदूचं तसंच आहे. तो दाबाला बऱ्यापैकी टिकतो, पिळवटण्याला अजिबात टिकत नाही. म्हणून कवटी न फुटताही माणूस बेशुद्ध पडतो, आठवण जाते, कधी जीवही जातो. बाहेरून काही लागलं नाही म्हणून घरी नेलेला पेशंट रात्री अचानक खालावतो, त्यामागे असंच काहीतरी असू शकतं, किंवा आत रक्त साठत असतं.

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे. दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. गाडी उभी असताना नुसतं आडवं पडलं, तरी डोकं जमिनीला ताशी जवळपास २० किलोमीटर वेगाने आपटतं. म्हणजे गल्लीतच जायचंय, दुधाची पिशवी आणायचीय, वेग कुठे आहे, हा युक्तिवाद इथेच संपतो.

डोकं डांबरावर आपटलं की ते एक-दोन मिलिमीटरमध्ये थांबतं. दीड मीटरवरून पडून २ मिलिमीटरमध्ये थांबायचं, तर डोक्याला बसणारा सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ७५० पट येतो. तेच थांबायला २५ मिलिमीटर मिळाले तर ६० पट. हेल्मेटचं सगळं काम त्या २५ मिलिमीटरमध्ये आहे. बाहेरचं कडक कवच मार पसरवतं आणि डोकं रस्त्यावर अडकू न देता घसरू देतं. आतला थर्माकोलसारखा जाड थर चिरडतो, म्हणजे स्वतः मरतो आणि डोक्याला थांबायला वेळ देतो. पट्टा हे दोन्ही डोक्यावर टिकवून धरतो.

यावरून तीन गोष्टी आपोआप कळतात. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या हिसक्यात उडतं, त्यामुळे ते हँडलवर असलं काय नि डोक्यावर असलं काय, सारखंच. आत नुसता पातळ स्पंज असलेली टोपीछाप हेल्मेटं चिरडायला काही नसल्याने कामाची नाहीत. आणि एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बदलायचं, कारण आतला थर एकदाच चिरडतो.

नंतरच्या काळात अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या जखमेचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो असं दिसलं. शंभर टक्के नाही, हेही लक्षात घ्या.

मामांचं काय झालं

मामांची कवटी पुढून तडकली होती, मेंदूला सूज होती. तीन आठवड्यांनी ते नीट ओळखायला लागले. तो दिवस आणि पुढचे ते तीन आठवडे त्यांच्या आठवणीत नाहीतच. केर्न्स यांचे ऑक्सफर्डमधले सहकारी रिची रसेल यांनी याच गोष्टीवर काम केलं होतं : अपघातानंतर आठवणीतली पोकळी जितकी लांब, तितकी मेंदूची इजा मोठी. हे मापदंड आजही वापरतात.

आणखी एक गेलं, वास. नाकाच्या वर चाळणीसारखं भोकाभोकांचं पातळ हाड असतं, त्यातून वासाच्या बारीक नसा मेंदूत जातात. मेंदू आत सरकला की त्या तुटतात. बहुतेकदा परत जुळत नाहीत. मामांना वांगी भाजल्याचा धूर डोळ्यांना झोंबतो, पण वास येत नाही. भरीत खातात, आणि दरवर्षी मीठ जास्त मागतात. घरात गॅस गळत असला तरी त्यांना कळत नाही, म्हणून मामी त्यांना एकटं ठेवत नाहीत. दिवाणजी होते, हिशोब तोंडपाठ असायचे, आता वही जवळ ठेवावी लागते. बाहेरचा माणूस बघून म्हणेल की बरे झालेत की.

मोठ्या आकड्यांत अशी माणसं दिसत नाहीत. २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ लोक मेले, त्यातले जवळपास ४५ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट नव्हतं अशा मृतांची संख्या ५०,०२९, आणि त्यात १४,३३७ जण मागे बसलेले होते. मामांसारखे वाचलेले यात कुठेच नाहीत.

डॉक्टरच जखमीकडे

केर्न्स यांचं आणखी एक काम सांगायलाच हवं. जखमी सैनिक इस्पितळापर्यंत येईतो उशीर होतो, मग सर्जनच पुढे का पाठवू नये? त्यांनी गाड्यांवर चालणारी फिरती मेंदूशस्त्रक्रिया पथकं उभारली, जी सामान घेऊन आघाडीच्या जवळ जायची. १९४३ मध्ये ते आणि पेनिसिलिनवाले फ्लोरी, दोघेही ॲडलेडला शिकलेले, उत्तर आफ्रिकेत गेले आणि ताज्या जखमांवर पेनिसिलिन वापरून बघितलं. लवकर उपचार म्हणजे निम्मी लढाई, हे त्यातून पुन्हा दिसलं.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. अपघात दिसला तर आधी १०८ लावा. जखमीची मान वाकवू नका, ओढून उठवू नका, पाणी पाजू नका. हेल्मेट घाईने उपटू नका, श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून, एकाने मान सरळ धरून काढा. आणि मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती सोडा, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे.

आपल्या रस्त्यासाठी काही गोष्टी

वेग. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, मग थांबायला कोरड्या रस्त्यावर अजून २०-२५ मीटर. झाले ४० मीटर. लो-बीमचा उजेड स्पष्ट पडतो तो साधारण ३० ते ४० मीटर. म्हणजे दिवा नसलेली ट्रॉली दिसेपर्यंत मामांच्या हातात काही उरलंच नव्हतं. ८० ला हेच अंतर ६० मीटरच्या वर जातं. रात्री हायवेला ५० च्या आत राहिलं तर घरी दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचाल, एवढंच.

ट्रॉली. कपाशी, केळी, ऊस, मका जे काही भरता, मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. ट्रॅक्टरवाले वाचक असतील तर त्यांना ही एवढीच विनंती.

राँग साइड. हायवे चौपदरी झाला, पण दुभाजकातली फट लांब पडली म्हणून कडेने उलटं येणारे वाढले. दोघेही ५० ला असले तरी समोरासमोर ते एकमेकांकडे १०० ने येत असतात.

जळगाव शहरात आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौक या भागात हायवेची आणि गावातली गाडी एकत्र येते. शहरातच आहोत म्हणून हेल्मेट काढून ठेवायची ही जागा नव्हे.

मागे बसणारे. कायद्याने त्यांनाही हेल्मेट लागतं. पदर आणि ओढणी आवरून घ्या, चाकाची जाळी म्हणजे साडी गार्ड काढून टाकू नका, ते नियमातच आहे.

हेल्मेट घेताना आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. जून २०२१ पासून शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. घालून पट्टा लावा, डोकं हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, वेगळं फिरायला नको.

उन्हाचं कारण मला मान्य आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ अंशांत हेल्मेट म्हणजे शिक्षा वाटते. आतून पातळ सुती कापड वापरा, हवा खेळणाऱ्या भोकांचं आणि फिकट रंगाचं हेल्मेट घ्या. जाड उपरण्याची गाठ मारून वर हेल्मेट मात्र नको, ते नीट बसत नाही.

शेवटचं

केर्न्स यांना १९४६ मध्ये सर हा किताब मिळाला. १८ जुलै १९५२ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, ते कर्करोगाने गेले. ब्रिटनमध्ये सामान्य मोटारसायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती झाली ती १९७३ साली, म्हणजे त्यांच्या पहिल्या निबंधानंतर ३२ वर्षांनी. ती बघायला ते नव्हते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हेल्मेट आहे, पण कलम पुस्तकात राहतं आणि हेल्मेट हँडलला.

मामांचं ते हेल्मेट मामींनी टाकून दिलं नाही. एरंडोलच्या घरी दाराजवळच्या खुंटीवर आहे. गेल्या महिन्यात मी तिथून जळगावला निघालो, घाईत होतो, पट्टा लावायचा राहिला होता. मामा ओट्यावर बसलेले. माझं नाव त्यांना पटकन आठवलं नाही, पण उठून आले आणि माझ्या हनुवटीखालची क्लिप स्वतः लावली. टक् असा आवाज आल्यावरच मागे सरकले.

उद्या सकाळी गाडी काढाल तेव्हा तो आवाज येतोय ना, एवढं बघा.